बापूचा उजवा कौल

हसू नका, पण आमच्या मालवणात फ्रिक्वेन्सी शिफ्ट कीइंग, म्हणजे दोन सुरांवर संदेश धाडणं, कळलं ते भजनाच्या पेटीवर! साठच्या दशकातली गोष्ट. हौशी रेडिओ शिकायला माझ्या ओटीवर तिघे यायचे. त्यांतला बापू, जहाजावर मोर्सच्या कट्ट-कडकट्टात संदेश धाडायची नोकरी करून आलेला, महाहट्टी.

“मोर्सात सूर वाजता नायतर गप ऱ्हवता. तां पुरे! हे दोन सूर कित्याक?”

आकृत्या काढून काढून माझा खडू संपला. बापू चपला घालायला उठला, मागोमाग बाकीचे दोघे. झालं, माझी शाळा बुडाली! मी चिडून पेटी पुढे ओढली.

“बापू, देवीक कौल लावतस मा? फूल उजवीकडे पडला तर?”

“होय.”

“डावीकडे?”

“नाय.”

“ही उजवी पट्टी, वरचो सूर, होय. ही डावी, खालचो सूर, नाय. एक थांबलो की दुसरो वाजतलोच.” मी वाजवत गेलो आणि मध्येच भाता सोडला. “आता?”

“देवीन कौल देवक नाय...” बापू थबकला. “म्हणजे गप झाला तर सिग्नल गेलो! मोर्सात ह्या कळाचा नाय. थंय गप ऱ्हवणा अक्षरातच येता!”

पायांतल्या चपला पुन्हा निघाल्या. मला बाजूला सारून बापूच पेटीवर बसला आणि त्या दोघांना शिकवू लागला.

इतका वेळ आतून ऐकणाऱ्या माझ्या बायकोने विचारलं, “चाय टाकू काय?”

बापूने उजवी पट्टी दाबली.

थोड्या वेळाने चार कप बाहेर आले.