चौघांची एक केबिन

...आणि वर मलाच विचारतात, काका, जहाज ठरलं का? लिफ्टमध्ये कुणी भेटलं तरी तेच, वॉचमन गेट उघडता उघडता तेच, इस्त्रीवाला शर्ट हातात देताना तेच. अरे बाबांनो, मुलीचं लग्न एका बैठकीत ठरलं, पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या व्हायच्या आत ठरलं, आणि हे जहाज म्हणजे... गणपती गेले, दिवाळी गेली, फराळाचे डबे घासून माळ्यावर गेले, जहाज आपलं अजून बंदरातच. तुम्हाला सांगतो, बुडायला समुद्रातच जावं लागतं असं काही नाही, गोरेगावात तिसऱ्या मजल्यावर सोफ्यावर बसूनही माणसाला व्यवस्थित बुडता येतं.

म्हणजे झालं काय, आमची गंधाली, धाकटी, तिचं लग्न ठरलंय. मुलगा चांगला आहे, सौरभ, बोरिवलीचा, मान खाली घालून जेवतो, मला काही तक्रार नाही. गंधाली तशीही आता मैत्रिणींबरोबर राहते, सुट्टीला घरी येते. थोरला यज्ञेश, तो ऑफिस जवळ पडतं म्हणून मुलुंडला राहतो, मित्रांबरोबर भाड्याने. आता मुलुंड काय परदेशात आहे का? पण रविवारी जेवायला ये म्हटलं की फोनवर असा सुस्कारा टाकतो, असा, की वाटतं बिचाऱ्याला व्हिसाच्या लायनीत उभं राहायचंय. तर एकदा मी साकीनाक्याला रिक्षात बसलो होतो. साकीनाक्याला रिक्षात बसणं म्हणजे नुसतं बसणंच असतं हो, ती कुठे जात नाही. पुढे टेम्पो, बाजूला बस, मीटर पळतोय आणि आम्ही थांबलोय... आणि माझ्या एकदम मनात आलं, की हे लग्न झालं की आपण चौघं संपलो. म्हणजे तसे असू सगळे, देवाच्या दयेने पाच होऊ, सहा होऊ, वाढू, वाढावंच माणसाने. पण मी, सुनंदा, यज्ञेश, गंधाली, एवढेच, मधे कुणी नाही, असं पुन्हा कधी? खरं सांगतो, रडू आलं मला. भर ट्रॅफिकमध्ये. रिक्षावाला आरशातून बघतोय, 'अंकल, पानी पिओगे क्या?'

मी डोळे मिटून घेतले. आणि मिटल्या डोळ्यांपुढे जहाज आलं. पांढरं, मोठं. आता पुढच्या बसच्या पाठीवर क्रूझची जाहिरात होती, ती मघाशी नजरेखालून गेली असेल, नाही म्हणत नाही मी, पण मिटल्या डोळ्यांनी दिसलं ते वेगळंच होतं. सगळा ट्रॅफिक हळूहळू पाणी होत गेला, हॉर्न लांब लांब गेले, आणि एक छोटी खोली, तिच्यात आम्ही चौघं झोपलोय, खालून पाणी हळूच हलवतंय, आणि कुणी उठून निघत नाहीये... कारण निघून जाणार कुठे? दाराबाहेर समुद्र. मुलुंड नाही, बोरिवली नाही, 'उद्या लवकर कॉल आहे' हे नाही. तिथेच ठरवलं मी. लग्नाच्या आधी एकदा. माझं म्हणणं फक्त एवढंच, चौघं, एक केबिन.

घरी येऊन सांगितलं तर यज्ञेश व्हिडिओ कॉलवर, भिंतीला टेकून, 'बाबा, वायफाय असेल ना?' गंधाली म्हणते, 'क्रूझ झकास आयडिया आहे बाबा, पण एक केबिन? मी सत्तावीस वर्षांची आहे. मी तुमच्या खोलीत झोपू? तुमचं घोरणं ऐकत?' मी म्हटलं, मी घोरत नाही. तर तिघं एकदम गप्प झाली. म्हणजे बघा, एवढ्या महिन्यांत घरात एकमत झालं ते तेवढंच. आणि सुनंदा, आमची ही, ती आपली मेथी निवडत म्हणाली, 'मला काय, कुठलंही चालेल.' मी मनात म्हटलं, चला, एक मत तरी आपल्या खिशात आहे.

मग मी गेलो अंधेरीला, एका ट्रॅव्हलवाल्यांकडे. एसी असा, की तिथेच स्वेटर विकला तर धंदा होईल. समोर श्रुतिका नावाची मुलगी. गोड बोलते, पण एक मराठी शब्द, तीन इंग्लिश, परत एक मराठी. 'सर, फॅमिली आहे ना? किड्स किती वर्षांचे?' म्हटलं, एक एकतीस, एक सत्तावीस. तिने टाइप करता करता हात थांबवला. 'ओके सर, म्हणजे अ‍ॅडल्ट चिल्ड्रन.' आता मला सांगा, एकतर अ‍ॅडल्ट म्हणा नाहीतर चिल्ड्रन म्हणा, दोन्ही एकदम कसं? पण तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कारण आमच्या घरीही हाच गोंधळ आहे. गाडीचा हप्ता स्वतः भरतो तो मुलगा, आणि मोजा कुठेय म्हणून आईला फोन करतो.

तर तिने कंपन्या दाखवल्या. पहिली कंपनी लहान मुलांची. घसरगुंड्या, कारंजी, आणि दारात अस्वलाचा वेष घातलेला एक इसम सगळ्यांचं स्वागत करतोय. यज्ञेशला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, 'मी अस्वलाशी हात मिळवणार नाही.' दुसरी कंपनी आमच्या वयाची. फोटोत सगळे पांढऱ्या केसांचे, पांढऱ्या पँटी, जोडीजोडीने कठड्याला टेकून हसतायत. एवढं कशाला हसतायत कळेना. गंधाली म्हणाली, 'हे तुमचं आणि आईचं जहाज आहे बाबा, तुम्ही दोघं जा ना.' तिला वाटलं ती प्रेमाने बोलतेय. मला असं लागलं ते... जेवण गेलं नाही त्या दिवशी. तिसरी कंपनी तरुणांची, तिथे पहाटेपर्यंत डीजे, आणि स्विमिंग पूलमध्ये पाण्यापेक्षा माणसं जास्त. म्हणजे ज्यांची मुलं कडेवर आहेत त्यांना जहाज आहे, ज्यांची उडून गेली त्यांना आहे, ज्यांना अजून झालीच नाहीत त्यांना तर आहेच आहे. आमच्यासारखे मधले, ज्यांची मुलं गेलीत पण पूर्ण गेलेली नाहीत, त्यांनी काय पोहत जायचं?

सुनंदाला तिन्ही दाखवली. 'मला काय, कुठलंही चालेल.'

शेवटी श्रुतिका म्हणाली, 'सर, तुम्ही दोन केबिन घ्या ना, मधे कनेक्टिंग डोअर येतं.' मी म्हटलं, बाई, दार आलं की ते बंद करणं आलं. माझं म्हणणं एवढंच, चौघं, एक केबिन. तेव्हा तिने चौथी कंपनी काढली. तिच्यात चौघांची केबिन होती, दोन पलंग खाली, दोन भिंतीतून बाहेर ओढायचे, खिडकी बिडकी काही नाही. 'पण सर, फोर अ‍ॅडल्ट्सना इट्स व्हेरी टाइट हं. एवढीशीच रूम आहे,' आणि तिने चौरस फुटांचा आकडा सांगितला. तुम्हाला सांगतो, मी खुर्चीत ताठ बसलो. कारण तो आकडा माझ्या ओळखीचा होता. आमची साकीनाक्याची खोली तेवढीच होती! लग्न झाल्यापासून मुलं शाळेत जाईपर्यंतची सगळी वर्षं आम्ही तिथे काढली. मरोळला शीटमेटलच्या, म्हणजे पत्राकामाच्या युनिटमध्ये कामाला होतो मी, चालत जायचो. त्या खोलीत चौघं झोपलो, त्यात गावाहून पाहुणे आले तर तेही झोपले. आणि ही मुलगी मला टाइट म्हणून घाबरवते?

पण मुलं ऐकायला तयार नाहीत. 'बाबा, तेव्हा आम्ही एवढे एवढे होतो.' बरं, म्हटलं, बघूया. आता आमच्या धंद्यात एक सवय होती, कपाट बनवायचं असो की लिफ्टचा डबा, पत्रा कापायच्या आधी जमिनीवर खडूने पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढायचं. कागदावर सगळंच बसतं हो, जमिनीवर खरं काय ते कळतं. रविवारी दोघांना बोलावलं, सुनंदाला सुरमई करायला सांगितली, म्हणजे येतील तरी, आणि जेवणं झाल्यावर सोफा पॅसेजमध्ये ढकलला, टीपॉय बेडरूममध्ये टाकला आणि हॉलमध्ये खडूने केबिन काढली. फुल साइज. हे दार, हे बाथरूम, हे पलंग. यज्ञेश म्हणतो, 'बाबा, इथे कुणाचा तरी खून झाल्यासारखं वाटतंय.' आणि सरळ रेष ओलांडून आत. मी म्हटलं, ए, भिंतीतून येऊ नकोस, दारातून ये. गेला बिचारा मागे, आणि आला दारातून. सवय म्हणून पायातली घरची चप्पलसुद्धा बाहेर काढली त्याने. गंधालीचा फोन वाजायला लागला, तो मी टीव्हीवर नेऊन ठेवला. ती म्हणाली, 'बाबा, सौरभ असेल.' म्हटलं, तो किनाऱ्यावर आहे, रेंज नाही.

वरचे बंक, म्हणजे भिंतीतले ते पलंग, जमिनीवर कसे काढणार? म्हणून म्हटलं, ओळीने आडवे व्हा, फक्त मावतो का ते बघू. झालो आडवे. दारापाशी मी, मग यज्ञेश, मग गंधाली, आणि बाथरूमच्या बाजूला सुनंदा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं हं. साकीनाक्याला हाच क्रम होता. सुनंदा मोरीच्या बाजूला, कारण पहाटे पाण्याला तिला उठावं लागायचं, मुलांना ओलांडावं लागू नये. मावलो. थोडे कोपर लागले एकमेकांना, यज्ञेशची पावलं बाथरूममध्ये गेली, सुनंदाचा एक हात रेषेबाहेर, म्हणजे कायद्याने समुद्रातच, पण मावलो.

आणि मग काय झालं सांगू... कुणी उठलंच नाही. पोटात सुरमई आणि भात, वर पंखा, खाली थंडगार लादी. गंधाली म्हणाली, 'बाबा, ती खोलीतली निळी बादली आठवते?' यज्ञेश म्हणाला, 'हिला काय आठवतंय, ही बादलीएवढी होती.' मग त्यांचं सुरू झालं, बादली कुठली, कंदील कुठला, शेजारच्या मालनकाकू कुठे असतील आता. बोलणं हळू होत गेलं, मधेच एखादा शब्द, मधेच नाही... पडदा आत यायचा, बाहेर जायचा. आणि देवाशपथ सांगतो, लादी हलली. हळूच. एकदा इकडे, एकदा तिकडे. मला खालून पाण्याचा आवाज आला, वर कुठेतरी पांढरी भिंत सरकत होती, माझ्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला माझी सगळी माणसं श्वास घेत होती, आणि मी म्हटलं, आता इथेच थांबू दे, गोवा नको, लक्षद्वीप नको, कुठलंच बंदर यायला नको.

जाग आली तेव्हा खाली मुलं क्रिकेट खेळून दमून घरी निघाली होती. गंधालीचा पाय यज्ञेशच्या पोटावर. टीव्हीवर फोन वाजून वाजून झोपलेला. यज्ञेश आढ्याकडे बघत म्हणाला, 'चालेल बाबा. चौघं, एक केबिन. करून टाका बुक.' गंधाली म्हणाली, 'मी वरच्या बंकवर हं.' मी, तुम्हाला खोटं वाटेल, मी उठून फोनवर कंपनीचं पान उघडलं सुद्धा. काय मागितलं होतं मी आयुष्यात? एवढंच ना?

आणि सुनंदा म्हणाली, 'थांबा.'

ती झोपलीच नव्हती. खडूच्या रेषेबाहेर, भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसली होती, कधीपासून कोण जाणे. आमची ही देवगडची. एरवी बोलते तुमच्या आमच्यासारखी, पण अगदी आतलं काही असलं की मालवणीत येते. म्हणाली, 'माका येगळी खोली व्हयी.'

मी म्हटलं, काय?

म्हणाली, 'येगळी. माझी एकटीची.' आणि मग सावकाश, कुणावर रागावून नाही, कपडे घडी करताना बोलते तशी, 'माहेरी आम्ही सगळी पोरं ओटीवर झोपायचो. लग्न झालं, तुमची खोली. मग इथे आलो, तर तुम्ही आणि तुमचा टीव्ही. दाराला आतून कडी लावून एकटी झोपले, असं माझ्या जन्मात झालेलं नाही. कसं वाटतं ते मला बघायचंय. बाल्कनी पण हवी. तुम्ही तिघं झोपा की एकत्र, मी कुठे नको म्हणते?'

मी मुलांकडे बघितलं. म्हटलं बोलतील काहीतरी, इतके महिने केबिनवरून माझं डोकं खाल्लंय. तर गंधाली उठली, आईच्या मागे जाऊन तिच्या गळ्यात हात टाकून बसली, आणि यज्ञेशने माझ्या हातातून फोन काढून घेतला. 'आई, वरचा मजला देऊ का? वरून मस्त दिसतं.' पाच मिनिटं लागली नाहीत. इतके महिने जे जहाज ठरत नव्हतं ते ठरलं, ज्या कंपनीत एकट्या माणसाला बाल्कनीची खोली मिळते ते.

मला वाईट वाटलं. वाटणारच ना? पण वाईट वाटून तरी म्हणू काय? इतकी वर्षं ती मोरीच्या बाजूला झोपली, आणि मी आपला खूश, की मावलो.

तर आता असं आहे. आम्ही तिघं तळाशी, खिडकी नाही, एक बंक रिकामा. ती वर, समुद्र, वारा, आतून कडी. मी विचारलं तिला, कधीतरी समुद्र बघायला मी यायचं का वर? ती विचारात पडली. खरोखर विचारात पडली हो. मग म्हणाली, 'या. पण दार वाजवून या.'

म्हटलं, सवय केलेली बरी. काल दुपारी ती बेडरूममध्ये पडली होती, दार नुसतं लोटलेलं. मी बाहेर उभा राहिलो, आमच्याच घरात, आमच्याच बेडरूमच्या बाहेर, आणि वाजवलं. आतून आवाज आला, 'कोण?' आता घरात माणसं किती, दोन, त्यातलं एक आत. काय सांगणार? म्हटलं, 'रूम सर्व्हिस.'

'नंतर या,' म्हणाली.