दोन पडद्यांवर एकच फांदी

लॅपटॉपच्या दुकानात माझ्यापुढे एक वडील आणि त्यांची मुलगी उभी होती. काउंटरवर त्यांचा जुना लॅपटॉप आणि दुकानातला नवा शेजारीशेजारी होते. दोन्हींवर झाडाच्या फांदीचा एकच फोटो.

“बाबा, तुमच्या जुन्यावर पानं नुसती काळी दिसतात. इथे बघा, पान न् पान सुटं!”

“जुन्यावरही बुलबुल दिसतोय की.”

“मान वाकडी केल्यावर!”

“तेवढाच व्यायाम.”

“बरं, त्याच्यामागे काय आहे?”

“अंधार.”

“आता नव्यावर बघा.”

“काड्या... वाटीसारखं काहीतरी... अगं, ही चोच आहे?”

“दोन आहेत, बाबा! पिल्लं!”

“अरे देवा! आणि मी माळ्याला छातीठोक सांगून आलोय, फोटोत नीट पाहिलंय, घरटंबिरटं नाही, खुशाल फांदी छाट!”

“फोन लावा आधी!”

“लावतोय गं... हॅलो, माळीदादा? खिडकीजवळची फांदी आहे ना अजून? शिडीवर आहात? हात लावू नका, उतरा खाली!”

“काय म्हणाले? बाबा, सांगा ना!”

“म्हणाले, उतरतो. पण एक बुलबुल मघापासून डोक्यावर घिरट्या घालत ओरडतोय, त्यालाही तुम्हीच सांगा.”