तपकिरी ठिपके

...आणि वर मॅडम मलाच म्हणतात, "भाऊ, आधी डोळे पुसा, भिंग ओलं झालंय!" आता बोला! माणसाने रडायचं कुठे मग? तुम्हाला सांगतो, अख्खी हयात गेली माझी या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवण्यात. स्तनाच्या गाठीचा पापुद्रा कापायचा, इतका पातळ की जोरात श्वास सोडलात तर उडून जाईल, तो कोमट पाण्यावर अलगद सोडायचा, काचेवर झेलायचा, रंगवायचा आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून निघून यायचं. बघायचं काम मॅडमचं. डॉक्टर त्या, मी नव्हे. आजवर कधी नाक खुपसलं नाही मी! पण या खेपेला पट्टी कुणाची होती? आमच्या हिची! माझ्या बायकोची हो!

आता रंगवायचं काय, विचाराल. तर पेशीच्या अगदी आतल्या खोलीत एक प्रथिन असतं, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. जीभ अडखळते ना? माझीही अडखळायची. लग्नघरातल्या आत्याबाई समजा! हिला उठव, त्याला बसव, हे चालू कर, ते बंद कर... हार्मोनचा निरोप आला की कुठल्या जीनने कामाला लागायचं ते आत्याबाई ठरवणार. त्या आत असल्या की ठिपका तपकिरी दिसतो, नसल्या की निळा. आणि गाठीत तपकिरी दिसलं, तर ती गाठ अजून हार्मोनचं ऐकते, म्हणजे रोजच्या गोळीने तिला आवरता येतं. नुसतंच निळं असलं, तर ती गोळी कुचकामी, मग पुढे काय काय सोसायचं बाईने... तपकिरी! दुसरं काही मागितलंय का मी?

मॅडम चहाला गेल्या आणि मी जाऊन बसलो त्यांच्या खुर्चीत. डोळा लावला... आणि काय सांगू, गेलोच मी आत! जांभळट धुकं, त्यातून गुलाबी वाटा, वाटांच्या कडेला निळे दिवे लागलेले, आवाज म्हणून नाही कुठे... मी आपला तरंगतोय. वाटलं, पुढच्या वळणावर हीच उभी असेल, "अहो, किती उशीर!" म्हणत. एवढा संसार केला, पण हिच्या इतक्या आत मी कधी शिरलोच नव्हतो हो! आणि किती शांत होतं तिथे! घरी एवढी बडबडते आणि आत हे असं... मला तर निघावंसंच वाटेना.

मग भानावर आलो आणि तपकिरी शोधायला लागलो. इथे एक. लांब तिथे एक. मधे सगळं निळं. पुन्हा एक, पुन्हा निळं, निळं, निळं... एवढ्याशाने काय होणार? तपकिरी! दुसरं काही मागितलंय का मी? तिथेच हुंदका फुटला, आणि नेमक्या मॅडम दारात! मघाशी सांगितलं ते ओल्या भिंगाचं तेव्हाचं.

मॅडमनी मला कोपराने बाजूला सारलं, बघितलं आणि म्हणाल्या, "रडताय कशावर भाऊ? हा गाठीशेजारचा निरोगी भाग! चांगल्या स्तनात हे असं विखुरलेलंच असतं. गाठ ही इकडे." आणि पट्टी नखभर सरकवली. अहाहा! तपकिरी, तपकिरी, जिकडे बघाल तिकडे तपकिरी! निळा औषधालाही सापडेना! म्हणजे बघा, बायकोचा धडधाकट भाग बघून मी रडलो आणि तिचा कॅन्सर बघून टाळ्या पिटल्या! मॅडमना मिठीच मारणार होतो, त्या स्टुलामागे सरकल्या म्हणून वाचल्या.

तसाच धावत घरी. ही खिडकीशी बसलेली, गाठ काढल्याचे टाके दुखतात म्हणून हाताखाली उशी घेतलेली, चेहरा पांढराफटक. नुसती बघत राहिली माझ्याकडे. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती हो. आणि मी गाढव दारातूनच ओरडलो, "अगं, फार सुंदर आलाय!"

"काय?"

"कॅन्सर! गोळ्या लागू पडणार तुला!"

आणि जे रडू फुटलं तिला... रडता रडता हसायला लागली, टाके धरून हसली आणि म्हणाली, "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा एक फोटो कधी सुंदर आला म्हणाला नाहीत. परवा नवा चष्मा घेतला, तो दिसला नाही तुम्हाला. आणि जन्मात पहिल्यांदा माझं काहीतरी सुंदर दिसलं, ते हे?"

मी तिची उशी नीट केली आणि म्हटलं, "चष्मा... चष्मापण बराय."