भोकं पडणारी युद्धनौका

हार्डवेअरच्या दुकानात माझ्या पुढे एक म्हातारे सुतार आणि त्यांची सून उभी होती.

“बाबा, आपली छोटी नौका स्पर्धेच्या तपासणीतच बाद झाली. तुम्ही फळी जाड लावलीत.”

“रिमोटवर चालली तरी युद्धनौकाच ना? छर्रा आत शिरता कामा नये.”

“शिरलाच पाहिजे, तसा नियमच आहे. तळ्यात नौका एकमेकींवर छर्रे झाडतात, सगळ्यांच्याच नौकांना भोकं पडतात. शेवटपर्यंत तरंगेल ती जिंकते.”

“चाळीस वर्षांत मी कच्चं काम केलं नाही, सूनबाई.”

“मग माझी पहिली लढाई मी काठावरून बघू? बुडायच्या आधी दोघांना तरी बुडवीन मी.”

“आणि बुडाल्यावर वर कशी काढणार?”

“तिला दोरीनं बूच बांधलेलं असतं. नौका तळाला गेली तरी बूच वर तरंगतं.”

“बरं. फळी तुला हवी तेवढी पातळ घे. दोरी मी बघतो.”