ऊन पुढं, कुंडी मागं

…आणि वर मलाच विचारतात, "मर्व्ह, कंबर धरून का चालतोयस?" अहो, कंबर धरू नको तर काय धरू? अख्खा उन्हाळा आणि वर पानगळ लागेपर्यंत मी एका कुंडीचा हमाल होतो. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी, दुपारी बैठकीची, मग जिना चढून वर न्हाणीघराची, कारण आमच्या घरात ऊन कसं, तर घाईतल्या पाहुण्यासारखं, एका खोलीत बूड टेकत नाही. ऊन पुढं, कुंडी मागं, आणि कुंडीखाली मी. आणि कुंडीत काय? गांजाचं रोप. हसताय काय? इथं ऑस्ट्रेलियात, आमच्या कॅनबेरात माणशी दोन झाडं लावायला मुभा आहे, घरच्या घरी, आपल्यापुरती. कायदा म्हणतो, लावा. पण दिवा मात्र लावायचा नाही! झाडाला दिवा नाही, हीटर नाही, देवाच्या उन्हावर काय उगवेल ते उगवेल.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, या वयात ही कसली थेरं? तुम्हाला सांगतो, मला झोप नव्हती हो. जन्मभर पहाटेची बस चालवली, निवृत्त झालो आणि माझ्याबरोबर झोपही निवृत्त झाली. तेही चाललं असतं… पण माझ्या या कुशीवरून त्या कुशीवर होण्याला वैतागून नोलीन, म्हणजे आमची बायको, एक दिवस उशी काखोटीला मारून पलीकडच्या खोलीत गेली. "मर्व्ह, तू झोपायला लागलास की येते परत." संपलं. लग्न झाल्यापासून बाईचे बर्फासारखे तळपाय माझ्या पोटऱ्यांना टेकलेले असायचे, जन्मभर मी त्यावर कुरकुर केली, आणि आता एवढ्या थोरल्या पलंगावर मी एकटा. फार वाईट वाटायचं. लपवून काय करू?

मग कुणीतरी सांगितलं, गांजानं झोप येते. खरं-खोटं देव जाणे, बुडत्याला काडीचा आधार. रोप कुठून आलं ते विचारू नका. सकाळी दारात सापडलं. ज्या डब्यात होतं, तो शेजारच्या ल्युबित्साचा दह्याचा डबा होता, याहून जास्त मी बोलणार नाही.

ही ल्युबित्सा क्रोएशियाची. तिच्या परसातल्या मिरच्या बघाल तर बोटं तोंडात घालाल. ती आली, रोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "मर्व्ह, एवढुश्या झाडाला चिमूटभर येणार. तुझा एक डोळासुद्धा मिटायचा नाही त्यात. उत्पन्न वाढवायचं ना? शेंडा खुड. फांद्या सुतळीनं आडव्या बांध. पाणी कमी पाज, ऊन जास्त दाखव." शेंडा खुडताना मी डोळे मिटून घेतले. फांद्या बांधल्या, तर नोलीन म्हणते, "झाड आहे की चोर पकडलायस?" पण काय सांगू, चार दिवसांत गडी अंगानं असा भरला की मी लोकांना बोलावून बोलावून दाखवायला लागलो.

आणि नोलीन कशी, तर उभा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलचा माणूस हिरवा झाल्याशिवाय पाऊल उचलणार नाही. कायदा तिला तोंडपाठ. मी संध्याकाळी पेपर वाचायला टेबलावरचा दिवा लावला, की लगेच, "मर्व्ह, उजेड कुणावर पडतोय?" अगं, पेपरावर पडतोय! "निम्मा झाडावर पडतोय. कुंडी हलव." हलवली. पुढं थंडी पडली. आमच्याकडे ॲन्झॅक डे, म्हणजे एप्रिलअखेरचा सैनिकांचा स्मृतिदिन, येईपर्यंत हीटर लावला तर शेजारीपाजारी नाकं मुरडतात, म्हणून दोघं घोंगडीत कुडकुडत बसलो. तो दिवस आला, हीटर लावला, तर ही म्हणते, "ही ऊब तुझ्यासाठी की झाडासाठी, हे कोण ठरवणार?" कुंडी पुन्हा गार खोलीत. मला सांगा, दिवा मात्र लावायचा नाही, हे ठीक आहे, पण माणसानं स्वतःच्या घरात चोरून शेकायचं?

तर एवढ्यात चमत्कार झाला. फांद्याफांद्यांना बारीक हिरव्या गोळ्यांचे घोस लोंबायला लागले. पीक धरलं! मला तर पलंगाची दुसरी बाजू भरल्यासारखीच वाटायला लागली. आणि नेमकं तेव्हाच धुकं पडलं. सकाळभर धुकं, दुपारी ढग, ऊन बेपत्ता. तोंडाशी आलेला घास जातो की काय… मग आठवलं, आमची लेक जनेल तिकडे क्वीनबियनला राहते, तिच्या घरामागं काचेची खोली आहे, तिथं म्हणे दिवसभर लख्ख ऊन. नोलीन क्लबात हिरवळीवर गोळे घरंगळवायला, बोल्स खेळायला गेली होती. मी कुंडी उचलली, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला, वर नोलीनची गवती टोपी घातली आणि निघालो.

त्या रस्त्यानं मी जन्मभर बस नेली. हद्द वगैरे माझ्या बसला कधी आडवी आली नाही, मग माझ्या डोक्यात कुठून येणार? तर रेल्वेच्या रुळांच्या जरा अलीकडे पोलीस. दारू प्यायलाय का बघायला सगळ्यांना नळीत फुंकायला लावत होते, मलाही लावलं. पोलीसबाई म्हणाल्या, "शून्य. शाब्बास काका. आणि शेजारी कोण?"

तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून काय निघावं? म्हटलं, "बायको."

बाई वाकल्या. टोपी उचलली. मग म्हणाल्या, "काकी जरा हिरव्या पडल्यात. कुठं निघालात दोघं?"

"मुलीकडे. क्वीनबियनला."

"काका, ते रूळ दिसतात? तिथं आमची हद्द संपते, पुढं दुसरं राज्य. अलीकडे ही तुमची बायको. पलीकडे नेलीत तर मुद्देमाल. तिकडे दोन झाडांची सूट नाही, एक पानसुद्धा गुन्हा आहे. गाडी वळवा, आणि काकींना पुन्हा घराबाहेर काढू नका."

गाडी वळवायला गेलो, तर क्लच कुठला, ब्रेक कुठला, काही कळेना. थांबवलं म्हणून वाचलो हो! त्या बाईंचे उपकार कसे फेडू? आणखी दोन मिनिटं गेली असती तर या वयात कोर्टाची पायरी, आणि नोलीन? तिनं मला घटस्फोट दिला असता, तोसुद्धा तीन प्रतींत.

घरी आलो तर नोलीन आणि ल्युबित्सा ओट्यावर कॉफी पीत बसलेल्या. लपवणार काय? सगळं ओकलो. नोलीन पांढरीफटक. ल्युबित्सानं मात्र कुंडी जवळ ओढली, चष्मा वर केला, गोळ्या चाचपल्या, आणि म्हणाली, "मर्व्ह, हा बाप्या आहे."

म्हटलं, "काय आहे?"

"नर. हे पीक नव्हे, परागाच्या गोळ्या. याला कामाची बोंडं धरायचीच नाहीत. इतके दिवस आरती ओवाळलीस, एकदा तरी बघायचंस की काय आहे ते!"

वाईट वाटायला हवं होतं ना? तर मी खो खो हसत सुटलो. जेल गेली, कुंडी गेली, जिना गेला… छातीवरचा धोंडाच उतरला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणालो, "नोलीन, झोपेचं औषध काही पिकलं नाही गं."

"झोपेचं? अरे, तू कुंडी घेऊन जिने चढायला लागल्यापासून ढाराढूर झोपतोयस. भिंतीपलीकडे मला घोरणं ऐकू येतं."

"मग परत का नाही आलीस?"

"तू त्या झाडाचं इतकं मनापासून करत होतास. म्हटलं, पीक येऊ दे, मग तूच बोलावशील."

बाई उशी घेऊन परत आली. तळपाय तसेच, बर्फ. मी कुरकुर केली नाही. सुटलो, असं वाटलं.

सुटलो कुठला! आता माझ्या घोरण्यानं तिला झोप नाही. वसंत लागला तशी दारात पुन्हा दह्याचा डबा, आणि कुंपणावरून ल्युबित्सा, "यावेळी पोरगी आहे, नीट बघून घेतलंय!" रोप नोलीनच्या नावाचं, आणि कुंडी उचलायला कोण? मीच. उचलली तर मी घोरतो आणि ती जागी, नाही उचलली तर मी जागा आणि ती पलीकडच्या खोलीत. म्हणून उचलतो. परवा कंबर धरून पलंगावर आडवा झालो आणि हळूच म्हटलं, "नोलीन, तुझ्या झाडाला न्हाणीघरात एखादा लहानसा…"

तेवढ्यात पोटरीला ते दोन बर्फाचे तुकडे टेकले आणि अंधारातून आवाज आला, "मर्व्ह, दिवा मात्र लावायचा नाही."