क्लच झाला, फळी राहिली

—नाही नाही, मालक, मधे नका उभे राहू! दोन अर्ध्यांच्या मधे कोणी उभं राहायचं नाही, हा माझ्या शेडचा कायदा आहे. तिकडे टायरवर टेका. हां. आता बघा — हा पुढचा अर्धा, इंजिनासकट, आणि तो मागचा, गिअरबॉक्ससकट. ट्रॅक्टर तुमचाच आहे, असं तोंड नका करू, नुसता मधून उघडलाय. क्लच बदलायचा तर उघडावाच लागतो. आणि उघडायचा म्हणजे काय — बोल्ट काढले आणि दिला ढकलून? छे! जमीन सपाट हवी, बॅटरीची तार आधी सोडायची, गिअरबॉक्सखाली पक्का स्टँड, इंजिनाखाली चाकांचा जॅक, आणि सगळ्यात महत्त्वाचं — पाचरी! पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलतो ना, मागचा आधार सुटला की अख्खं इंजिन तिथं कलंडतं. म्हणून आसावर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकायची. पाचरीशिवाय मी बोल्टला पाना लावत नाही. माणूस चेपतो हो!

लाकूड? वा, नजर आहे तुमची. जुनं, मुरलेलं, आता मिळायचं नाही असलं. माझ्या नेहमीच्या पाचरी फुटल्या होत्या आणि तुम्ही तर दारात उभे, पेरणी तोंडावर — मग मी काय करणार? गेलो स्वयंपाकघरात. भाजी चिरायची फळी दिसली. बायको बाहेर गेलेली. करवतीनं तिरकी कापली, दोन पाचरी झाल्या, अगदी मापात! मधोमध गरम कढईचा डाग होता, तो बघा — अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे. तिच्या आईची फळी. हळू बोला.

तिला काय सांगितलंय, फळी टेकण म्हणून लावलीय, ट्रॅक्टर जोडला की परत. अख्खी आहे असं समजते बिचारी. म्हणाली, ठीक आहे, फळी नाही तर चिरणं नाही. तेव्हापासून ताटात अख्खा कोबी, मालक. उकडलेला. मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो. मधे एकदा अख्खा भोपळा — गोल फिरवत फिरवत खाल्ला मी तो. ती जेवते का? ती आत जेवते, दार लोटून. माझ्यामुळे तिचेही हाल, दुसरं काय!

क्लच? क्लचचं काय, तो केव्हाच बसला. नवी प्लेट, बरोब्बर मधोमध, एकदम — अं? नाही, बसला म्हणजे... बसतोय. लोखंडाला जरा रुळावं लागतं. असं बघू नका. बरं, बसलाय! पण जोडला की पाचरी काढाव्या लागणार, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात तुमचं एक चाक हवेत. आणि पाचरी काढल्या की ती हात पुढे करणार, आण माझी फळी. काय ठेवू त्या हातावर? थोडी कळ काढा हो, डिंकानं चिकटवून बघतोय काही जमतं का. तिनं मला आजवर कधी फसवलं नाही, मालक, हेच मनाला लागतं. साधी आहे, मनात काही ठेवत नाही, आणि मी तिच्या आईची आठवण करवतीखाली घातली. लाज वाटते हो, खरंच वाटते.

हसताय काय? माझ्या मागे काय बघताय—

अगं! कधीपासून उभी आहेस? नाही, आम्ही आपलं क्लचचं... हे काय, मालकांना फळं? घ्या, मालक, घ्या. वा, काय बारीक चिरलंय, एकसारख्या फोडी — कशावर चिरलंस गं? नवी फळी? कधी आणलीस? ...त्याच दिवशी? म्हणजे आत दार लोटून तू... मग माझा तो कोबी—

बरं.

मालक, त्या फोडी तोंडात टाका आणि जॅकला हात लावा. जोडायचाय. आणि बाहेर कुठे कोबीचं नाव काढायचं नाही.