मातीच्या रकान्यातला एक शब्द

सन्माननीय अध्यक्ष वेणीमाधव साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, कार्यालयातील माझे सहकारी आणि भर उन्हात आलेल्या बंधू-भगिनींनो,

अंगावर निवृत्तीची शाल आहे आणि सोलापूरचा मे महिना आहे, तेव्हा थोडक्यात बोलतो. खरं सांगायचं तर थकलोय.

अध्यक्षांनी मघाशी माझ्याविषयी सांगितलं, "चन्नवीर यांचं तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकही गणित चुकलं नाही." साहेब, हा आपला मोठेपणा. पण ते खरं नाही.

पडलेल्या पावसातलं किती पाणी ओढ्याला वाहून येईल, हा अंदाज काढणं माझं काम. त्यावर तलावातलं जादा पाणी सोडणारा सांडवा किती रुंद ठेवायचा ते ठरतं. या हिशोबाच्या तक्त्यात मातीच्या ओलीचा एक रकाना असतो. जिल्हा कोरडवाहू, म्हणून आम्ही डोळे झाकून तिथं 'कोरडी' लिहितो. जेऊरजवळच्या तलावाला मीही लिहिलं. मापं घेताना खालच्या शेतातल्या गोजरबाईंनी बांधावर हटकलं होतं, "सायेब, कोरडी भुई लई पिती. पन चार दिस भुरभुर झाली की तिचं प्वाट भरतंय. मग पडंल त्ये समदं वड्यालाच जातंय. उकरून बगा की." कुदळ त्यांच्या हातातच होती. मी हसून म्हणालो, "मावशी, आमचं गणित तक्त्यात बसतं."

तलाव झाला. दुसऱ्याच वर्षी सप्टेंबरात चार दिवस रिपरिप झाली आणि पाचव्या दिवशी दीड तास मुसळधार. पाऊस माझ्या हिशोबातलाच होता, माती नव्हती. सांडव्याला पाणी पेललं नाही, भराव फुटला. गोजरबाईंच्या तीन एकरांची माती वाहून गेली, खाली मुरूम उरला. चौकशीत 'अतिवृष्टी' लिहिलं गेलं आणि मी गप्प बसलो. अकरा वर्षं गप्प आहे. याची लाज वाटते.

तोच तलाव आता पुन्हा बांधायचाय. फाईल आज सकाळी माझ्याकडे आली. आमच्या चेतना मॅडमचं काम चोख, पण मातीच्या रकान्यात 'कोरडी'. असं का, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "सर, तुमच्याच जुन्या फाईलवरून घेतलं."

मी खिशातलं पेन काढलं.

अध्यक्ष महोदय, त्या फाईलवर माझी सही मिळणार नाही. तो शब्द मी खोडलाय. चेतना मॅडम, सांडव्याची रुंदी भिजलेली माती धरून पुन्हा काढा. आणि पावसाळ्यात तिथं जाऊन उकरून बघा.

आपण प्रेमानं बोलावलंत, आभारी आहे. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या एका शब्दाची माफी मात्र इथं मागत नाही. गोजरबाई अजून तिथंच राहतात. उद्या सकाळच्या गाडीनं जेऊरला निघालोय.